श्वास काढलेला आवाज

ताई गेल्यानंतर बाविसाव्या दिवशी, दुपारचं जेवण उरकून, मी तिच्या तोंडून 'आत्मा नाही' असं वदवून घ्यायला बसले.

असं म्हटलं की मी भुताखेतांचं काही करते असं वाटेल. माझं काम त्याहून साधं आहे. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत मी आवाज साफ करते. कुणी काही वाचून गेलेलं असतं, त्यातलं खाकरणं, अडखळणं, खुर्चीची करकर काढून टाकायची आणि उरलेलं असं जोडायचं की सांधा कळू नये. सव्वीस वर्षं हेच केलं. शाळा माझी अर्धवट सुटली, पण इतकी व्याख्यानं कापली की पुढचं शिक्षण कानातून झालं. ताई लोकांना सांगायची, "आमची धाकटी फार हुशार आहे. फक्त तिला कुठलीही गोष्ट मधोमध कापल्याशिवाय कळत नाही."

ताई माझी सख्खी थोरली बहीण. तिचा आवाज पुष्कळांना माहीत होता, चेहरा कुणालाच नाही. टेलिफोनवर 'आपण प्रतीक्षेत आहात' म्हणायची ती ताईच. मी तिला चिडवायचे की एवढ्या माणसांना ताटकळत ठेवलंस, पुढचा जन्म रांगेत जाणार तुझा. दोन वर्षांपूर्वी ते काम यंत्राच्या आवाजाला दिलं गेलं, आणि ताई म्हणाली, चला, सुटले, मोक्ष मिळाला.

त्यानंतर तिला एकच मोठं काम मिळालं. संग्रहालयात नवं दालन होत होतं. हिंदू आणि बौद्ध हे दोन धर्म कुठून आले आणि मुळात काय सांगतात, एवढाच विषय. बघणाऱ्यानं गळ्यात यंत्र अडकवायचं, कानाला हेडफोन लावायचा, मूर्तीसमोरचा क्रमांक दाबायचा आणि ऐकायचं. असे चौदा क्रमांक. तेरा वाचून झाले होते. चौदाव्यासाठी मंगळवारची वेळ ठरली होती आणि रविवारी सकाळी ताई पलंगाच्या कडेवर बसल्या बसल्या गेली. एका पायात चप्पल होती. दुसरी घालायची राहिली.

पंधरा दिवसांनी दालनाच्या प्रमुख बाई आल्या. सज्जन बाई, पण नियमाच्या पक्क्या. सगळं दालन एकाच आवाजात हवं, असं त्यांच्या मंडळानं ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत चौदावा क्रमांक ताईच्या आवाजात मिळाला नाही, तर चौदाच्या चौदा दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावे लागतील, हे त्यांनी खाली बघत सांगितलं. म्हणजे तेरा जाणार होते.

ताईची एकुलती एक मुलगी तेव्हा तिथंच बसली होती. तिला आम्ही पिटुकली म्हणतो. चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि दारातून आत येताना मान वाकवते, इतकी उंच आहे. आईचे फोनवरचे निरोप तिनं, आपण सगळे करतो तसे, ऐकून ऐकून पुसून टाकले होते. 'येताना दही आण' असले निरोप कोण जपून ठेवतं? बाई गेल्यावर तिनं एवढंच विचारलं की आईचा आवाज तिथं राहील ना. मी म्हटलं, राहील. मावशीनं जसं म्हणायचं असतं तसं, विचार न करता म्हटलं.

मग माझ्या लक्षात आलं, मार्ग आहे. तेरा क्रमांकांत ताईनं हजारो शब्द उच्चारले होते. चौदाव्यासाठी लागणारे शब्द त्यांतून वेचायचे, नसतील ते अक्षर अक्षर जुळवून करायचे. मंत्र्यांच्या भाषणातली अख्खी वाक्यं मी अशी उभी केली आहेत आणि मंत्र्यांनाही पत्ता लागलेला नाही. बहिणीचं एक पान काय अवघड आहे?

म्हणून मी पहिल्यापासून ऐकायला लागले.

पहिल्या क्रमांकात नदीकाठच्या फार जुन्या शहरांबद्दल होतं. तिथल्या मुद्रांवरची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही. त्या लोकांच्या श्रद्धांतलं पुढं काय काय वाहत आलं, हे खात्रीनं सांगता येत नाही. वाचून झाल्यावर ताईनं काचेपलीकडून मला विचारलं होतं, "म्हणजे सुरुवातच 'माहीत नाही'पासून आहे का गं? बरं आहे. प्रामाणिक आहे." दुसऱ्यात वेदांची सूक्तं होती, शतकानुशतकं कागदाचा कपटा न वापरता तोंडातून कानात आणि कानातून तोंडात जपलेली. स्वर एवढाही हलू द्यायचा नाही अशी त्यांची शिस्त. तिसऱ्यात होतं की या धर्माला कुणी एक संस्थापक नाही, एकच ग्रंथ नाही, पुष्कळ ओढे मिळून झालेली ती नदी आहे. त्यावर ताई म्हणाली होती, एवढा मोठा संसार आणि कर्ता माणूस कोण ते ठाऊक नाही, म्हणजे अगदी आपलं घर.

हे तिचे शेरे कुठंही राहिलेले नव्हते. मीच कापले होते. मला ते फक्त आठवत होते.

पाचव्या क्रमांकावर मी थांबले. तिथं ती सांगत होती की अरण्यात बसलेल्या काही माणसांनी यज्ञाच्या पलीकडचं विचारायला सुरुवात केली. देह जातो, मन पालटतं, मग हे सगळं बघणारा आत कोण आहे? त्याला त्यांनी आत्मा म्हटलं. काहींना वाटलं, आतला तो आणि सगळ्या विश्वाच्या मुळाशी असलेलं ब्रह्म एकच आहे. कर्माप्रमाणे पुन्हा पुन्हा जन्म येतो आणि ते एकत्व कळलं की फेरा सुटतो. "आत्मा जन्मत नाही, मरत नाही," ताई म्हणाली. माझ्या कानात, इतक्या जवळून, की मी हेडफोन काढून मागं पाहिलं.

मागं काच होती, काचेपलीकडे वाचायची खोली, रिकामी. तिची खुर्ची, समोर माईक. माझ्यासमोरच्या, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर एक हिरवा दिवा हलकेच वर जाऊन खाली येत होता. आतला माईक मी चालू ठेवलेला दिसत होता. वर, खाली. मग चारेक सेकंद काही नाही. पुन्हा वर, खाली. हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्यामुळं होत असणार, असं म्हणून मी माईक बंद केला. घरी निघताना पंख्याचं बटण बंद करायला गेले तर ते आधीपासूनच बंद होतं.

दुसऱ्या दिवशी पुढचं ऐकलं. राजवाड्यातला तरुण बाहेर पडतो, म्हातारा बघतो, आजारी बघतो, प्रेत बघतो आणि मग एक शांत संन्यासी. घरदार सोडतो. उपाशी राहून राहून हाडं वर येतात, तेव्हा कळतं की चैनीत नाही आणि छळातही नाही, वाट मधून जाते. मग ती चार सत्यं: दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ती तहान विझली की दुःख विझतं, आणि तिकडं नेणारा एक मार्ग आहे. हे वाचून ताई बाहेर आली तेव्हा म्हणाली होती की हा माणूस वैद्य असता तर चांगला चालला असता, रोग सांगतो, कारण सांगतो आणि बरं होईल म्हणतो. तेराव्या क्रमांकात होतं की जे जे बनलं आहे ते ते मोडणार आहे. तिथं ताईचा आवाज संपत होता.

चौदाव्याचं पान माझ्यासमोर होतं. त्यात असं होतं की दोघांनीही कर्म मानलं, पुन्हा जन्म मानला, सुटका मानली, पण एका जागी वाट फुटली. ज्याला तू 'मी' म्हणतोस ते शोध, बुद्ध म्हणाले. शरीरात बघ, जाणिवेत बघ, विचारांत बघ. कायमचा टिकणारा असा आत्मा सापडत नाही. मग पुन्हा जन्मतं ते काय? एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर ज्योत तीच असते का? तीच नाही, आणि वेगळीही नाही.

'सापडत' मी अक्षरं जोडून केलं. 'नाही' मात्र अख्खा हवा होता, ठाम आणि शांत. तेरा क्रमांकांत एकवीस 'नाही' मिळाले. वीस टाकाऊ निघाले, कुठं वाक्य पुढं पळत होतं तर कुठं स्वर वर गेला होता. हवा तसा एकच होता. पाचव्या क्रमांकातला. "मरत नाही"मधला.

म्हणजे आत्मा मरत नाही म्हणताना ताईनं जो 'नाही' उच्चारला, तोच उचलून मी तिच्याकडून आत्मा सापडत नाही असं म्हणवून घेणार होते. हात थांबला. पण गुरुवार उजाडला होता. मी तो कापला आणि जोडला.

दुपारी पिटुकलीला बोलावलं. ती दुकानातून तशीच आली, बोटांना काचेची पांढरी भुकटी. मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. स्वतःच्या कामावर मी खूश होते, खोटं कशाला सांगू. एकही सांधा दिसत नव्हता.

तिनं पूर्ण ऐकलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"मावशी," ती म्हणाली, "आई श्वास कुठं घेते?"

मी म्हटलं, श्वास मी काढते, पहिल्यापासून काढते, कामच आहे ते.

"बाकीच्या तेरामध्ये पण नाहीये?"

"नाही."

"मग तिथं आईचं काय राहणार आहे?" तिनं हे भांडून विचारलं नाही. काचेवर चरा दिसला की गिऱ्हाइकाला ज्या आवाजात सांगत असेल त्याच आवाजात विचारलं. "ही बाई पान संपेपर्यंत श्वासच घेत नाही. मला हे मेलेल्या माणसासारखं वाटतंय."

ती गेली.

श्वासावरून माझं आणि ताईचं जुनं भांडण होतं. मला स्वच्छ आवाज आवडतो. दोन वाक्यांमधला श्वास मला घरात चपला घालून आलेल्या पाहुण्यासारखा वाटायचा. ताई म्हणायची, श्वास म्हणजे विरामचिन्ह आहे, राहू दे. मी राहू देत नसे. एकदा ती चांगलीच भडकली होती. म्हणाली, "तू साफ करत नाहीस, पुसतेस. माझ्यातली मी काढतेस आणि उरलेलं मला ऐकवतेस. मेल्यावर कर हे, आत्ता नको." मी हसले होते. आणि साफ झालं की मूळ मुद्रण पुसून टाकायची माझी सवय, जागा अडते म्हणून. तेरा क्रमांकांची मूळ मुद्रणं मी तिच्या हयातीतच पुसली होती. सव्वीस वर्षं कुणी एवढं नीटनेटकं काम केलं नसेल.

आता ताईचा एक श्वास शोधायचा तर माझ्याजवळ एकही नव्हता. लाखो श्वास तिनं माझ्यासमोर घेतले होते आणि मी वेचून वेचून सगळे काढून टाकले होते.

शोधायला बसले तेव्हा काही मिळेल असं वाटत नव्हतं. यादीत चाळत खाली गेले आणि तळाशी सहा फायली दिसल्या. नाव एकच, 'शांतता', पुढं तारीख.

आमच्या कामात एक रीत आहे. प्रत्येक बैठकीच्या शेवटी एक मिनिट काहीच न बोलता मुद्रण चालू ठेवायचं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. शब्दांमधली कापलेली जागा नुसती रिकामी ठेवली तर कानाला खड्डा लागतो, म्हणून त्या खोलीचीच शांतता तिथं भरायची. आणि ती घेताना वाचणाऱ्यानं उठून जायचं नाही. माणूस आत असताना खोली वेगळी वाजते, माणूस उठून गेला की वेगळी. म्हणून ताई दर वेळी मिनिटभर हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. तिच्या आयुष्यात तेवढंच मिनिट ती गप्प बसली असेल.

शांतता कुणी साफ करत नाही. त्यातला लागेल तेवढा तुकडा घ्यायचा, बाकीची तशीच ठेवायची.

शेवटच्या बैठकीची फाईल लावली आणि आवाज पार वर नेला. आधी नुसती सूं. मग त्या सूंमधून काहीतरी वर आलं आणि खाली गेलं. चार सेकंद. पुन्हा. नाकातून घेतलेला, जरा घरघरता, सर्दी पुरती न गेलेल्या बाईचा श्वास. विसाव्या सेकंदाला तिचं पोट वाजलं. मग श्वास थोडे तुटक झाले, कारण ती हसू दाबत होती. मग पुन्हा सावकाश. वर, खाली. हिरवा दिवा पहिल्या दिवशी जसा हलत होता तसाच हलत होता.

साठ सेकंद होत आले आणि ताई कुजबुजली, "झालं का गं?"

मी आतल्या खोलीशी बोलायचं बटण दाबलं आणि म्हटलं, "थांब, अजून दहा सेकंद."

काचेपलीकडे माझाच आवाज रिकाम्या खोलीत वाजला. आणि मग, सवयीनं, मी ते दहा सेकंद मोजले.

एवढं झाल्यावर ते जोडलेलं पान मला पुन्हा ऐकवेना. जोडणी माझीच होती, बोलणं ताईचं नव्हतं. मेलेल्या माणसाच्या तोंडून काय बोलवून घ्यायचं हे मी ठरवत होते आणि त्याला तिचा आवाज म्हणत होते.

चौदाव्या पानाचा शेवटचा परिच्छेद तोवर मी नीट वाचलाच नव्हता. त्यातले शब्द वेचले होते, अर्थ वेचला नव्हता. तिथं होतं की बुद्ध गेल्यावर शिष्य जमले. लिहिलेलं काहीच नव्हतं. जो शिष्य वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत राहून ऐकत आला होता, त्याला त्यांनी म्हणायला सांगितलं. आणि त्यानं 'गुरू म्हणतात' अशी सुरुवात केली नाही, तर 'हे मी असं ऐकलं आहे' अशी केली. म्हणजे गुरूचा आवाज काढायला तो गेला नाही. जेवढं कानात राहिलं तेवढं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्याच्या किती तरी आधी सूक्तं पाठ करणारेही तेच करत आले होते. दोन्ही धर्म आपल्यापर्यंत आले ते ऐकणाऱ्यांमुळं.

सव्वीस वर्षं मी काचेच्या अलीकडे बसून ऐकत होते. पलीकडे जाऊन खुर्चीत बसायची वेळ कधी आली नव्हती. माझा आवाज चिरका आहे, ताई त्याला दाराची बिजागरी म्हणायची. मी पान घेऊन आत गेले. खुर्ची तिच्या उंचीला होती, तशीच राहू दिली. शेवटचा परिच्छेद आधी घेतला आणि बाकीचं त्याच्यामागून. "हे मी असं ऐकलं आहे," मी म्हटलं आणि वाचत गेले. अडखळले दोनदा. काढलं नाही.

मग त्या वाचनाखाली ताईचं शांततेचं मिनिट अंथरलं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून, असं पान संपेपर्यंत. पोट वाजलेली जागा तेवढी वगळली. तिला ते चाललं नसतं. शेवटचं 'झालं का गं' पण घेतलं नाही, ते माझ्यापुरतं ठेवलं.

शुक्रवारी प्रमुख बाईंनी ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. हा दुसरा आवाज आहे, त्या म्हणाल्या, मंडळाला एकच हवा होता. मी म्हटलं, तेरा क्रमांक जिनं सांगितले ती गेली, चौदावा ऐकणारीनं सांगितला आहे. तुमच्याच पानात तसं लिहिलंय, बघा. त्यांनी ते पान उलटसुलट वाचलं. लिहिलेलं त्यांनीच होतं.

"आणि मागं ते काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"खोलीचा आवाज आहे."

"खोली श्वास घेते?"

"ही घेते."

त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि शेवटपर्यंत काढला नाही. जाताना म्हणाल्या, मंडळाचं मी बघते. ते त्यांनी कसं बघितलं मला माहीत नाही, पण ताईचे तेरा आणि माझा एक, असे चौदा क्रमांक दालनात लागले.

दालन उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी आणि पिटुकली गेलो. दुपारची वेळ, गर्दी फारशी नव्हती. ती पहिल्या क्रमांकापासून ऐकत निघाली, मी दोन पावलं मागं. तिला आईचं बोलणं ऐकू येत होतं आणि मला फक्त तिची पाठ दिसत होती. चौदावी मूर्ती बसलेल्या बुद्धाची आहे, हात मांडीवर एकात एक ठेवलेले. आमच्या आधी तिथं एक म्हातारे गृहस्थ ऐकत उभे होते. मध्येच त्यांनी हेडफोन कानापासून दूर केला, मागं वळून पाहिलं, कुणी नाही असं बघून पुन्हा लावला आणि थोड्या वेळानं निघून गेले.

पिटुकलीनं चौदावा क्रमांक तीनदा दाबला. तिसऱ्यांदा तिचा खांदा सावकाश वर जाऊन खाली येत होता. वर, खाली. मध्ये चार सेकंद.

मग तिनं हेडफोन गळ्यात घेतला आणि डोळे पुसले नाहीत.

"मावशी, तू फार छान जोडलंयस," ती म्हणाली. "तू 'आत्मा सापडत नाही' म्हणतेस आणि थांबतेस ना, बरोबर तिथं आई एक मोठा श्वास घेते. आता काहीतरी बोलणार आहे असा."

मी हो म्हटलं.

मी तिथं काही जोडलं नव्हतं. वगळलेल्या दोन जागा सोडल्या तर मिनिट होतं तसं अंथरलं होतं, आणि त्यातले ताईचे सगळे श्वास लहान होते, सर्दीतले. मोठा एकही नव्हता, मी ते मिनिट शंभर वेळा ऐकलंय. फाईल उघडून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं, अजूनही कळेल.

मी ती उघडलेली नाही. सव्वीस वर्षांत एखादा आवाज मी न तपासता सोडला असेल, तर तो हा एकच.